नायिका उसनी, राक्षस घरचा

राक्षस मारणारी मुलगी पडद्यावर आली रे आली की दोन पथकं कामाला लागतात. पहिलं उचलेगिरी पकडणाऱ्यांचं. ट्रेलर दोन मिनिटांचा, यांचा पंचनामा दीड मिनिटात तयार. तलवार अमक्या गेममधली, केसांचा रंग तमक्या मालिकेतला, अर्धी माणूस अर्धी राक्षस ही भानगड तर थेट 'इनुयाशा'तून उचललेली. घ्या आरोपीला ताब्यात. दुसरं पथक आपलं, घरचं. ते म्हणतं, यात नवीन ते काय? आमच्याकडे दुर्गा आहेच की. हे पथक सिनेमा बघत नाही. आपल्याकडे सगळं आधीच होऊन गेलंय हे एकदा ठरलं की तिकिटाचे पैसे वाचतात.

२०२५च्या जूनमध्ये 'केपॉप डीमन हंटर्स' नेटफ्लिक्सवर आला आणि दोन्ही पथकांच्या रजा रद्द झाल्या. रूमी, मीरा आणि झोई या तीन पोरी. स्टेडियम भरून गातात आणि उरलेल्या वेळात राक्षस कापतात. (मीरा हे नाव ऐकून दुसऱ्या पथकाने कॉलर ताठ केली असणार. ती कोरियन आहे.) पहिल्या पथकाने लगेच सांगितलं, मुलींची टोळी जमवून वाईट शक्तींना बदडणं म्हणजे 'सेलर मून'. मान्य. नाओको ताकेउचीची ती चित्रकथा १९९१ची. पण मग 'सेलर मून'ची टोळी कुठली? जपानी टीव्हीवर आधीपासून धुमाकूळ घालणाऱ्या, प्रत्येकाचा रंग वेगळा असलेल्या वीरांच्या मालिकांमधली. आणि जादू येणाऱ्या जपानी मुलीचं घराणं? ते १९६६च्या 'सॅली द विच'पासून धरतात, आणि सॅली सुचली 'बिविच्ड' या १९६४च्या अमेरिकी मालिकेवरून. म्हणजे अमेरिकेतली नाक हलवून घरकाम उरकणारी चेटकीण जपानला गेली, तिथे शाळकरी मुलगी झाली, मुलीची टोळी झाली, टोळी कोरियन पोशाख घालून पुन्हा अमेरिकी स्टुडिओत आली. दोन दिग्दर्शकांपैकी मॅगी कांग जन्मली सोलमध्ये, वाढली टोरांटोत. तक्रार जरूर नोंदवा. फक्त आधी हद्द कुठल्या ठाण्याची ते ठरवा.

आरोप मात्र जुनाच आहे. इतका जुना, की तो दुसऱ्या पथकाच्या देव्हाऱ्यातच सापडतो.

दुर्गासप्तशतीचा दहावा अध्याय काढा. निशुंभ पडलाय, सैन्य आडवं झालंय, असुरराजा शुंभ एकटा उरलाय. अशा वेळी माणूस शस्त्र उचलतो नाही तर पळ काढतो. शुंभ समीक्षा करतो. फार तोरा मिरवतेस, पण लढतेस दुसऱ्यांच्या जिवावर, असं तो देवीला सुनावतो. आणि कागदोपत्री त्याचं खरंच आहे. दुसऱ्या अध्यायातली देवी म्हणजे नखशिखान्त उसनवारी. तोंड शंकराच्या तेजाचं, हात विष्णूच्या, केस यमाच्या, पाय ब्रह्मदेवाच्या. आयुधं तर चक्क नकला. शंकराने आपल्या त्रिशूळातून दुसरा त्रिशूळ उपसून दिला, विष्णूने आपल्या चक्रातून दुसरं चक्र काढून दिलं. मूळ प्रत कार्यालयात, साक्षांकित प्रत अर्जदाराला. हिमालयाने सिंह दिला. कुबेराने मद्याचा कधीच रिता न होणारा प्याला दिला. तो कॅलेंडरवरच्या चित्रात मात्र शोधूनही सापडत नाही, कुठे गेला कोण जाणे.

आठव्या अध्यायात तर कहर आहे. ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, नारसिंही, ऐंद्री. ज्या देवाचं जे रूप, जे दागिने, जे वाहन, ते सगळं जसंच्या तसं घेऊन त्याची शक्ती रणात हजर. सुपरमॅनची सुपरगर्ल १९५९ साली निघाली आणि हल्कची शी-हल्क १९८०मध्ये, तेव्हा नायकाला परकर नेसवला की नायिका होते का, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. अजून मुरडतात. मुरडणाऱ्यांच्या घरी नवरात्रात पाठ असतो.

देवीचं उत्तरही बघण्यासारखं आहे. ती शुंभाला म्हणते, इथे मी एकटीच आहे, माझ्याशिवाय दुसरी आहेच कोण? एवढ्यावर थांबली असती तर ते प्रसिद्धिपत्रक झालं असतं. पण त्या सगळ्या शक्ती तिच्यात शिरतात, ती खरोखर एकटी उभी राहते आणि त्यानंतर जी झुंज होते तिच्यात शुंभ जातो. उसनं घेतलेलं अंगात जिरलं की नाही हे कळायला एवढी एकच परीक्षा पुरते. बाकी तळटीपा.

आता हा आरोप करणारा शुंभ कोण, तेही पाहू. पाचव्या अध्यायात चंड आणि मुंड त्याच्या वैभवाची यादी कौतुकाने वाचतात. दारातला ऐरावत इंद्राचा. उच्चैःश्रवा घोडा आणि अंगणातला पारिजातही त्याचाच. हंसांचं विमान ब्रह्मदेवाचं, छत्र वरुणाचं, निधी कुबेराचा. घरातली एक वस्तू स्वतःच्या कमाईची नाही. दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस, असं म्हणायचा अधिकार या गृहस्थाला कुणी दिला? पण असंच असतं. उचलेगिरीवर सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याचं कपाट एकदा उघडून बघावं.

पश्चिमेत हाच खटला खऱ्याखुऱ्या कोर्टात चालला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली १८९७ साली. तिच्यातली मीना हार्कर सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करते, कागद तारखेवार लावते, आगगाड्यांची वेळापत्रकं तिला तोंडपाठ, काउंट कुठल्या वाटेने पळतोय ते तीच शोधून काढते. आणि शेवटचा घाव? तो जोनाथन आणि क्विन्सी घालतात. मीना लांबून बघते. अख्खा तपास बाईचा आणि सत्कार साहेबांचा. हा प्रकार आपल्याकडे कादंबरीबाहेरही पाहायला मिळतो.

१९२२मध्ये मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने 'नोस्फेराटू' काढला. गोष्ट स्टोकरची, परवानगी कुणाचीच नाही. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला की झालं, असा हिशेब. स्टोकरच्या बायकोने, फ्लॉरेन्सने, नवऱ्यामागे हा खटला नेटाने लढवला आणि १९२५ साली जर्मन कोर्टाने सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. निकाल चोख होता. चोरी ती चोरीच. पण काही प्रती वाचल्या, आणि आता त्या चोरीच्या मालात चोराने स्वतःचं काय घातलं होतं ते पाहा. स्टोकरचा काउंट दिवसाउजेडी लंडनमध्ये हिंडतो; त्याची ताकद तेवढी कमी होते. उन्हात तो मरतो हा नियम 'नोस्फेराटू'चा. आणि सूर्य उगवेपर्यंत त्याला रोखून धरणारी असते एलन. एकटी. नवऱ्याला बाहेर पाठवून, आपला जीव किंमत म्हणून लावून. परवानगीच्या पुस्तकात बाई टायपिस्ट. जाळून टाका म्हटलेल्या नकलेत तीच राक्षसाचा काळ. आज जगातल्या कुठल्याही मालिकेत रक्तपिपासू उन्हात जळतो तेव्हा तो त्या जप्त मुद्देमालातलं कलम पाळत असतो.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगून टाकलंय. त्यांचं म्हणणं, माझ्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' सिनेमा काढला. न्यायालय म्हणालं, कल्पनेवर कुणाचा सातबारा नसतो, मांडणीवर असतो. नाटककार हरले. तिकडे अमेरिकेत २०१६ साली शेरिलिन केन्यनने कॅसांड्रा क्लेअरवर दावा लावला होता. एकीच्या पुस्तकांत अंधारातले शिकारी, दुसरीच्या पुस्तकांत सावलीतले शिकारी, आणि दोघींचे शिकारी राक्षसांच्याच मागे. वकील दोन्हीकडचे उजेडात.

आता एक लांबलचक वंशावळ, पण मजेची. १९७९चा 'एलियन' हा सिनेमा. यानात राक्षस शिरतो, सगळे मरतात, रिप्ली उरते आणि छोट्या यानाच्या इंजिनाच्या झोताने त्याला भाजून काढते. त्याचा पटकथाकार डॅन ओबॅनन याच्या नावावर एक कबुली सांगितली जाते: कुणा एकाकडून नाही, सगळ्यांकडून चोरलंय. १९८१ साली एक्स-मेनच्या १४३व्या अंकात किटी प्राइड ही शाळकरी पोर नाताळच्या आदल्या रात्री घरात एकटी असताना राक्षस शिरतो, आणि ती त्याला विमानाच्या इंजिनाच्या झोताने भाजते. किटीवर पोसलेला एक वाचक मोठा होऊन 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' लिहितो: जॉस व्हीडन. बफीच्या मागे किटी आहे हे तो मोकळेपणाने सांगत आलाय. बफीचा सिनेमा १९९२चा, मालिका १९९७ची, आणि त्याच १९९७मध्ये एलियनच्या चौथ्या भागाची पटकथाही व्हीडनचीच. म्हणजे घेतलेलं उसनं मूळ घरी पोचतं झालं. व्याजासकट, कारण त्या चौथ्या भागात रिप्ली स्वतःच एक नक्कल आहे, आठवी. एका दालनात आधीच्या सात बिघडलेल्या नकला ठेवलेल्या असतात. आठवी त्या बघते आणि दालनाला आग लावते. उचलेगिरीवरचे परिसंवाद मी पुष्कळ ऐकलेत. या एका प्रसंगाएवढं कुणी बोललेलं आठवत नाही.

मग बफीचं काय एवढं अप्रूप? सोनेरी केसांची मुलगी अंधाऱ्या गल्लीत शिरते आणि भयपटात ठरल्याप्रमाणे मरते. इथे ती मारते. एवढा उलटफेर दोन भागांत संपला असता. मालिका सात पर्वं, १४४ भाग टिकली ती राक्षसांमुळे. त्यांच्या नरकाचं तोंड शाळेच्या ग्रंथालयाखाली. एका मुलीकडे वर्गात कुणीच बघत नाही, म्हणून ती खरोखरच दिसेनाशी होते. एक रात्र सोबत काढल्यावर सकाळी प्रियकर ओळखीचाच राहत नाही. इथे त्याचा आत्माच गेलेला असतो. यात शिंगं, धूर, नखं वरवरची. राक्षस अकरावीतला. आणि २००१च्या 'द बॉडी' या भागात बफीची आई घरी सोफ्यावर मरून पडलेली असते, मेंदूतल्या रक्तस्रावाने. मारायला कुणी नाही. जगाला सात वेळा वाचवू शकणारी पोरगी रुग्णवाहिकेला फोन करते. त्या भागातलं काहीही कुणाकडून आणलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. नायिका उसनी चालते, आयुधं उसनी चालतात, घोडा-सिंह-वाघ काय लागेल ते मागून आणा. राक्षस मात्र घरचा लागतो.

ही अक्कल आपल्या गावांना फार आधीपासून आहे. देवी एक, तिचं माहात्म्य एक, पण कोल्हापूरला कोल्हासुर, तुळजापूरला तपस्या करणाऱ्या अनुभूतीला छळणारा कुकुर, मुंबईला मुंबारक, म्हैसूरला महिषासुर. कुठल्याही गावाने शेजारच्या गावाचा राक्षस उचलून आणला नाही. आमचा जाच आमचा, तुमचा तुम्हाला लखलाभ. आणि एवढं वाकडं असूनही त्याला मान केवढा! कोल्हासुराने मरताना वर मागितला की नगराला माझं नाव राहू दे. शेवटच्या श्वासाला नामकरणाचा ठराव मंजूर करून घेणारा हा आपला आद्य स्थानिक पुढारी. मुंबारकाची दंतकथाही हेच सांगते. म्हणजे त्या कथांच्या हिशेबाने आपण आधार कार्डावर राक्षसाचं नाव मिरवतो आणि नायिकेची ओटी भरतो. फिटंफाट.

कोल्हापूरचीच पुढची गोष्ट बघा. ती कुठल्याही स्टुडिओने केली असती तर तीन भागांची घोषणा आधी झाली असती. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. बापाचा सूड म्हणून तो अंबाबाईसकट सगळ्या देवदेवतांना शेळ्या-मेंढ्या करून टाकतो. मुख्य नायिका चरायला गेली! तिला सोडवते त्र्यंबोली. कामाक्षाला मारते, सगळ्यांना पूर्ववत करते. मग विजयोत्सव होतो, मानाची बोलावणी जातात, आणि जिने हे सगळं केलं तिलाच बोलवायचं राहून जातं. त्र्यंबोली रुसते, टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसते. चूक लक्षात आल्यावर अंबाबाई स्वतः समजूत काढायला जाते. अजून जाते. ललितापंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर चढते, कोल्हासुर म्हणून कोहळा ठेवतात, कुमारिका त्याच्यावर घाव घालते आणि फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून अशी झुंबड उडते की पोलिसांना त्या क्षणी राक्षस बरा वाटत असावा.

या गोष्टीत राक्षस दोन मेले, पण जीव आहे तो तिसऱ्यात, आणि तो कुणी मारलेला नाही: काम झालं की काम करणारीला विसरणारा. हे ज्याने पहिल्यांदा रचलं त्याने घरातली सून नाही तर देवळातली झाडलोट करणारी बघितली होती, आणि पुराणातली देवी घेऊन तिच्यासमोर हा आपल्या माहितीचा राक्षस उभा केला. उद्या कुणी यावर सिनेमा काढला तर बोलावणं न आलेल्या परीचं रुसणं 'स्लीपिंग ब्यूटी'तून ढापलं, असं लिहिणारे सापडतीलच. पेरोने ती गोष्ट छापली १६९७ साली. शोधा म्हणावं तारखा.

रूमीकडे परत येतो. तिच्या अंगावर राक्षसवंशाच्या खुणा आहेत आणि जिने तिला वाढवलं ती सेलीन सांगते, झाकून ठेव, कुणाला दिसता कामा नये. जगातली सगळ्यात चकाचक गायिका, जिच्या गालावर पुटकुळीसुद्धा बातमी होते, ती लांब बाह्यांचे कपडे घालून फिरते. ग्वी-मा नावाचा राक्षसराज तलवारीने लढत नाही, कानात बोलतो: तू काय आहेस ते मला माहीत आहे. आणि त्याची फौज म्हणजे देखण्या पोरांचा बँड, जो आधी चाहते पळवतो, मग आत्मे. वाघ आणि कावळ्याच्या जातकुळीतला तो पक्षी कोरियन लोकचित्रांतले, शेवटी पोरांच्या अंगावर चढतात ते काळे झगे आणि टोप्या तिकडच्या यमदूतांच्या. अर्धराक्षस नायिका हजारदा झाली असेल (आपला घटोत्कच कोण होता मग?), पण केपॉपच्या झगमगाटात लाज वाटणं हा राक्षस त्या गल्लीत राहणाऱ्यालाच दिसला असता.

२०२५च्याच ऑगस्टमध्ये मल्याळममध्ये 'लोका' आला. त्यांनी तर कळियंकाट्टू नीली ही दंतकथेतली रक्तपिपासू यक्षीच नायिका करून बंगळुरूला आणून सोडली. रक्ताच्या पिशव्या, उन्हाची अडचण, सगळं त्या जर्मन मुद्देमालातलं. चालेल. कारण समोर उभा केलाय तो बायकांचा तिरस्कार करणारा पोलिस अधिकारी, आणि तो ट्रान्सिल्व्हेनियाहून आणावा लागत नाही. अमेरिकेत रोशनी चोक्षीने २०१८ साली 'अरू शाह' लिहिलं, पर्सी जॅक्सनच्या साच्यात महाभारत ओतून. अटलांटातली मुलगी अर्जुनाचा अवतार, मार्गदर्शक म्हणून एक कबूतर, आणि ते कबूतर पूर्वजन्मीचा शकुनीमामा. पुण्यातला एखादा व्यासंगी इथेच पुस्तक मिटेल. पण दिवा लावून जागा केलेला राक्षस शेवटी तिचा न भेटलेला बापच निघतो, आणि बापाशिवाय वाढणाऱ्या पोरीला याहून घरचा राक्षस कुठला?

आता आपली पाळी. २०२२ साली झी मराठीवर 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' सुरू झाली. नेत्राला पुढचं दिसतं आणि तिच्यासमोर विरोचक. मालिका बंगाली 'त्रिनयनी'वरून, नावामागची समजूत युरोपातली. तिकडे सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला सिद्धी असते म्हणतात. दोन्ही उसनवाऱ्यांना माझी हरकत नाही, मुलाची मुलगी केली तर टाळ्यासुद्धा. पण नाव पुन्हा वाचा. सातवी मुलगी. महाराष्ट्रात एका घरात सात मुली होतात त्या कशा? सहा वेळा मुलाची वाट बघून होतात. त्या सातवीच्याही पोटी सात. म्हणजे चौदा बाळंतपणांत देवाकडे दुसरंच काहीतरी मागितलेलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली, कारण आईबापांनी त्यांचं नाव नकुशी ठेवलं होतं. राक्षस मालिकेच्या शीर्षकात येऊन बसला होता, ठसठशीत, मराठी, वंशपरंपरागत. त्याला सोडून विरोचक नावाच्या परक्याला मानधन दिलं.

आमच्या नव्या मुलांच्या कादंबऱ्यांचीही हीच तऱ्हा. नायिका फर्ग्युसन रस्त्यावर राहते, वडापाव खाते, शिव्या अस्सल, आणि राक्षस मात्र लांब काळ्या कोटात, मे महिन्यात, पुण्यात. त्या कोटात तो उकडून मरेल, तलवारीची गरजच नाही. हस्तलिखितं वाचायला येतात त्यांत राक्षसाच्या डोळ्यांच्या रंगावर पान पान खर्ची पडलेलं असतं. त्याला हवंय काय, याला एक ओळ: जगावर राज्य. जगावर राज्य कुणालाच नको असतं हो. लोकांना बारा गुंठे हवे असतात, भावाच्या वाटणीचे.

रक्तबीज घ्या. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच ताकदवान दुसरा उभा. २०२१च्या अखेरीस आपल्याकडे आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटल्याचा तपास सुरू झाला. त्या तपासाचा थेंब पडला तिथून म्हाडाच्या परीक्षेचं प्रकरण उगवलं आणि परीक्षा आदल्या मध्यरात्री रद्द झाली. मुलं तोवर केंद्राच्या गावात पोचून कुणाच्या तरी ओसरीवर झोपली होती. म्हाडाचा थेंब पडला तिथून शिक्षकांची टीईटी. इतका तंतोतंत आठवा अध्याय कुणी कीर्तनातही उतरवला नसेल. सप्तशतीत चामुंडा प्रत्येक थेंब जमिनीवर पडण्याआधी तोंडात झेलते, म्हणून ती लढाई संपते. इथे समिती नेमतात.

या कथेची नायिका सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसली आहे. टेबल महिन्याच्या भाड्याचं, डबा मेसचा, घरून फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन बोलते. तिच्यासमोर उद्या सगळे देव रांगेने आले, त्रिशूळ, चक्र, वज्र, सिंह सगळं मांडलं आणि म्हणाले, घे बाई, हो पुढे. तर ती आधी विचारेल, जाहिरात निघाली का? आणि मग, वयोमर्यादा किती आहे?